दहा फुटी छताखाली दोन खांबी लिफ्ट: आधी फरशी उकरा, मग आगाऊ रक्कम द्या

वाचकाचं पत्र

बेसा भागात आमचं स्वतःचं घर आहे. गाडी ठेवायची खोली आतून १३ फूट रुंद आणि २० फूट लांब. फरशीपासून स्लॅबपर्यंत १० फूट ३ इंच. घरात एक स्विफ्ट, एक बोलेरो. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शनची कामं मी आणि मुलगा घरीच करतो, पण जॅक लावून पाठीवर सरकणं आता माझ्या कंबरेला झेपत नाही. म्हणून गाडी उचलायची दोन खांबी लिफ्ट घ्यायचं ठरवलंय. बजेट दीड लाख. नवी ४ टनी लिफ्ट १,३५,००० रुपये अधिक जीएसटी अशी मिळतेय. दुसरी, बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधली, ७०,००० रुपयांना. ती बारा फूट उंच आहे, वर आडवा बीम आहे. वेल्डर म्हणतो, "दोन फूट कापून देतो." फरशीवर पार्किंग टाइल्स आहेत, खाली काँक्रीट असावं. कुठली घेऊ?

— एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर

नमस्कार. आधी जुन्या लिफ्टचं बोलू, म्हणजे तो विषय मिटेल. ती घेऊ नका. वेल्डर कितीही हुशार असला तरी खांब कापू देऊ नका.

खांब म्हणजे नुसता लोखंडी पाइप नव्हे. त्याच्या आत लॉकची खाचांची पट्टी असते, सिलिंडर असतो, साखळी असते आणि दोन्ही बाजू एकसारख्या वर नेणारे वायर रोप असतात. हे सगळं एकमेकांच्या मापाने केलेलं असतं. खांब वरून कापून बीम खाली आणला, तरी सिलिंडरची धाव, म्हणजे तो जितका वर सरकतो ते अंतर, तेवढीच राहते. मग कॅरेज, म्हणजे गाडीखाली जाणारे आर्म धरून खांबात सरकणारा भाग, वर जाऊन बीमवर आदळेल, नाहीतर रोप ढिले पडून एक बाजू दुसरीच्या मागे राहील. खालून कापला तर आणखी वाईट. गाडीचं वजन खांबाला आतल्या बाजूला वाकवत असतं आणि तो सगळा ताण बुडाशी, बेस प्लेटच्या वेल्डवर येतो. नेमका तोच वेल्ड तुम्ही कंपनीच्या जिगऐवजी (भाग नेमक्या मापात धरणारा साचा) रस्त्यावरच्या वेल्डिंग मशीनने नव्याने करणार. त्याच्याखाली मुलगा उभा राहणार आहे. पैसे वाचवायची ही जागा नाही.

जुनी लिफ्ट घेणंच चूक आहे असं मात्र नाही. वर बीम नसलेली, तुमच्या छतात बसणारी जुनी लिफ्ट पुढे कधी सापडली, तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा आणि खांबाचा खालचा वीतभर भाग, बेस प्लेटचा सांधा, टोचून पाहा. वॉशिंग बेमध्ये वापरलेल्या लिफ्ट तिथेच आतून गंजतात आणि वरून नवा रंग मारला की दिसत नाही. आर्मच्या पिनेत हाताला जाणवेल एवढा ढिलेपणा आहे का, कॅरेजच्या वेल्डवर केसासारखी रेघ आहे का, वायर रोपच्या तारा तुटून बाहेर आल्यात का, तेही पाहा. साखळी २० कड्यांवर मोजून मूळ मापापेक्षा ३ टक्के वाढली असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. आर्मचे दातेरी लॉक गायब असतील तर सौदा सोडून द्या. मोटर थ्री फेज निघाली तर घरच्या सिंगल फेजवर ती चालणार नाही, हेही आधीच विचारून घ्या.

आता तुमची उंची. दोन खांबी लिफ्ट दोन प्रकारच्या मिळतात. एकीचे रोप आणि तेलाचे होज वरच्या बीमवरून जातात, त्यामुळे खालची जमीन मोकळी राहते. पण तिला ११ ते १२ फुटांच्या वर छत लागतं. दुसरीचे रोप जमिनीवरच्या पोलादी पट्टीखालून जातात, खांब साधारण ९ ते साडेनऊ फुटांचे असतात. तुमच्यासाठी ही दुसरीच. मधली पट्टी इंच-दीड इंच उंच असते. ट्रॉली जॅक किंवा सरकती फळी तिच्यावर अडते, एवढाच त्रास.

खांब छतात बसले म्हणजे गाडी बसली असं नाही. हिशेब सोपा आहे: गाडीची उंची, त्यातून जिथे आर्मच्या टोकाचं पॅड लागतं त्या जागेची जमिनीपासूनची उंची वजा करा. जे उरतं ते पॅडच्या वर राहणार. तुमचं छत ३१२४ मिमी. स्विफ्ट साधारण १५३० मिमी उंच आहे. सिलखाली (दाराखालची कड) पॅड २०० मिमीवर लागलं तर त्याच्या वर १३३० मिमी. छताखाली १५० मिमी मोकळी जागा सोडली, तर पॅड जास्तीत जास्त १६४० मिमीपर्यंत नेता येईल. बोलेरो १८८० मिमी उंच. चेसिस ४०० मिमीवर धरली तर पॅड १४९० मिमीच्या आसपास थांबवावं लागेल. लिफ्टची पूर्ण धाव १८०० ते १९०० मिमी असते, म्हणजे ती पूर्ण वर नेली की दोन्ही गाड्यांची टपं स्लॅबला टेकतील.

कामासाठी याचा अर्थ असा: स्विफ्टखाली थोडं वाकून उभं राहता येईल, बोलेरोखाली चाकाच्या स्टुलावर बसून काम होईल. कंबरेसाठी तेवढंही पुष्कळ आहे. पण माप घेताना स्लॅबचं नव्हे, छताच्या बीमचं घ्या. घरगुती पार्किंगमध्ये बीम स्लॅबच्या खाली नऊ-बारा इंच उतरलेला असतो आणि तो नेमका गाडीच्या टपावर येतो. पंखा आणि लटकणारी ट्यूबलाइट काढून भिंतीवर घ्या. बोलेरोला कॅरिअर असेल तर तेही मापात धरा. डिकी उघडी ठेवून गाडी वर न्यायची नाही, हे मुलालाही सांगून ठेवा.

वर बीम असलेल्या लिफ्टला टप टेकायच्या आधी मोटर बंद करणारी आडवी दांडी असते. तुमच्या प्रकाराला ती बहुधा नसते. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून कॅरेजच्या वाटेत एक लिमिट स्विच बसवून घ्या, बोलेरोच्या उंचीवर मोटर थांबेल आणि स्विफ्टसाठी वर सरकवता येईल असा. शिवाय खांबावर दोन रंगांच्या दोन रेघा मारा, एक स्विफ्टची, एक बोलेरोची.

रुंदीत तुम्ही जेमतेम बसता. ४ टनी लिफ्ट बाहेरून साधारण ३.४ मीटर रुंद असते आणि १३ फूट म्हणजे ३.९६ मीटर. मोटर आणि पंपाचा पॉवर पॅक खांबाच्या बाहेरच्या बाजूला लटकतो, म्हणून त्या बाजूला जास्त जागा सोडा आणि दुसऱ्या बाजूला कमी. विक्रेत्याकडून त्या मॉडेलचं ड्रॉइंग मागवा, खडूने फरशीवर दोन्ही बेस प्लेट आखा आणि स्विफ्ट त्यांच्या मधोमध उभी करून दारं उघडून बघा. कारखान्याच्या शेडमध्ये हे कुणी करत नाही. घरात केलंच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, फरशी. पत्रातलं "खाली काँक्रीट असावं" हे वाक्य आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं, कारण लिफ्टचा जीव तिथेच आहे.

दोन खांबी लिफ्टला आधार फक्त जमिनीतल्या बोल्टांचा असतो. बोलेरो दीड टनाच्या थोडी वर, म्हणजे एका खांबावर सुमारे ८०० किलो. ते वजन खांबापासून ९० सेंटीमीटर आत लटकतं. बेस प्लेट ४० सेंटीमीटर धरली, तर ढोबळ हिशेबाने बाहेरच्या बाजूच्या दोन-तीन बोल्टांना मिळून पावणेदोन टनांच्या आसपास वर उपटणारा जोर सोसावा लागतो. तोही गाडी शांत उभी असताना. एक्सलचा नट सोडवायला चार फुटी पाइप लावून हिसका दिला की जोर वाढतो. हे बोल्ट टाइल, चिकटवायचा मसाला आणि खालच्या तीन इंची पीसीसीत (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये) धरून ठेवता येत नाहीत. काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा बोल्टासकट उपटून येतो.

शिवाय नागपुरात बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरची पातळ पीसीसी दरवर्षी थोडी वर-खाली होते. अंगणातल्या फरशा उचललेल्या, कुंपणाची भिंत तडकलेली दिसत असेल, तर तुमच्या गॅरेजखालीही तीच माती आहे असं समजा.

म्हणून लिफ्टची आगाऊ रक्कम देण्याआधी जिथे खांब येणार तिथली एकेक टाइल काढा आणि छिद्र पाडून काँक्रीट किती जाड आहे ते मोजा. त्याच वेळी घराचा नकाशा काढून खाली पाण्याची टाकी, सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची लाइन आहे का तेही बघा. आपल्याकडे टाकी बऱ्याचदा पोर्चखालीच असते. टाकीच्या स्लॅबवर किंवा तिच्या भिंतीला लागून खांब उभा करायचा नाही. टाकी निघाली तर लिफ्टची जागा बदला. तसं जमत नसेल तर दोन खांबी लिफ्टचा विचार सोडा.

काही कंपन्या ४ इंच काँक्रीट चालतं म्हणतात. ते चांगल्या प्रतीचं, भेगा नसलेलं, पक्क्या भरावावर टाकलेलं ४ इंच असतं. तुमच्या खोलीत आम्ही नवा पट्टाच टाकायला सांगू. दोन्ही खांबांखाली वेगवेगळे खड्डे नकोत, एकच सलग पट्टा हवा, म्हणजे माती हलली तरी दोन्ही खांब एकत्र हलतील. माप जेमतेम ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, २५ सेंटीमीटर जाड. खोली ३.९६ मीटरची असल्याने तो जवळजवळ भिंतीपासून भिंतीपर्यंत जाईल. भिंतीच्या पायाला धक्का लागणार नाही एवढी जागा दोन्ही बाजूंना सोडा आणि खोदण्याआधी हे काम ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. काळी माती लागली तर पट्ट्याखाली आणखी ६० सेंटीमीटर उकरून ती बाहेर टाका. तिथे मुरूम भरा, एका वेळी १५ सेंटीमीटरचा थर, पाणी मारून धुम्मस करून. सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला तर खालचा थर मोकळाच राहतो आणि दोन पावसाळ्यांत पट्टा खचतो.

काँक्रीट एम-२५ प्रतीचं. हाताने मिसळणार असाल तर १:१:२, म्हणजे एका सिमेंटच्या पोत्याला ३५ लिटर रेती आणि ७० लिटर गिट्टी. पाणी पोत्याला २५ लिटरपेक्षा जास्त नको. रेती ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्रीला पातळ माल आवडतो, कारण तो पसरायला सोपा. तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. दीड घनमीटरला साधारण १७ पोती लागतात. सळई १० मिमीची, दोन्ही दिशांना १५ सेंटीमीटरवर, खाली-वर दोन जाळ्या. सगळं मिळून शंभरेक किलो. वरची जाळी बांधून झाली की मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा. ड्रिल मारताना सळई कुठे आहे ते त्या फोटोवरूनच कळेल. वरून टाइल बसवायची नाही, काँक्रीट तसंच घोटून ठेवा.

हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. मे महिन्यात ४५ अंशांत ओतलेलं काँक्रीट वरून लवकर वाळतं, तडकतं. दोन आठवडे ओली पोती टाकून ठेवा किंवा आळं करून पाणी साठवा. २८ दिवस होईपर्यंत बोल्ट ठोकायचे नाहीत. लिफ्ट दारात येऊन पडलीय म्हणून दहाव्या दिवशी ड्रिल चालवलं, तर बोल्ट आवळताना गोल फिरत राहतो. तसा फिरलेला बोल्ट पुन्हा कधी धरत नाही.

अँकर बोल्ट लिफ्टसोबत येतात तेच वापरा; जुन्या लिफ्टचे काढलेले बोल्ट पुन्हा लावू नका. कमी पडले तर नागपूरच्या लोखंडी सामानाच्या बाजारात, लोहाओळीत, मिळतील, पण व्यास, लांबी आणि मॅन्युअलमधला ग्रेड लिहून न्या. नुसतं "पाऊण इंची द्या" म्हणू नका. छिद्र बेस प्लेटलाच साचा धरून, त्याच मापाच्या बिटने, सरळ पाडायचं. आतली धूळ ब्लोअरने आणि ब्रशने काढायची. धूळ राहिली की बोल्टाची बाही घसरते. अर्ध्या तक्रारी याच्याच असतात. ओळंबा चारही बाजूंनी लावा. फरक असेल तर बेस प्लेटखाली पोलादी शिम (पातळ पत्रे) सरकवा, लाकडाची चिप किंवा टाइलचा तुकडा नको. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) नसेल तर भाड्याने आणा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा.

विजेचं. सिंगल फेजची मोटर २.२ किलोवॅटची असते आणि सुरू होताना चालू प्रवाहाच्या कितीतरी पट ओढते. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमीची तांब्याची लाइन, मोटरच्या पाटीवरच्या प्रवाहानुसार २० किंवा २५ अँपिअरचा, सुरुवातीचा जास्त प्रवाह सोसणारा सी-कर्व्ह एमसीबी, अर्थिंग आणि विजेची गळती झाली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढं हवंच. कुलरच्या प्लगवर लिफ्ट चालवायची नाही. घरचा मंजूर भार तीन किलोवॅट असेल आणि एसीही असेल, तर महावितरणकडे भार वाढवून घ्या. मे महिन्याच्या संध्याकाळी एसी चालू असताना गॅरेजमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. २०७ च्या खाली जात असेल तर मोटर नुसती गुणगुणेल आणि कपॅसिटर जाईल.

वीज गेल्यावर गाडी खाली येईल का, हे विक्रेत्याला विचारलं की उत्तर येतं, "हो, लीव्हर दाबा." ते अर्धंच खरं आहे. गाडी लॉकवर टेकलेली असली, आणि ती टेकलेलीच असली पाहिजे, तर लॉक सोडवायला आधी मोटरने ती बोटभर उचलावी लागते. वीज नसेल तर गाडी वरच राहते. घरच्या इन्व्हर्टरने ही मोटर उचलणार नाही. सकाळी दवाखान्यात जायची गाडी रात्री लिफ्टवर ठेवू नका. लॉक सोडायची पद्धतही हाताची घ्या. विजेच्या कॉइलवर चालणारं लॉक सोयीचं असतं, पण ती कॉइल जळते.

तेल आयएसओ व्हीजी ४६ हायड्रॉलिक, मॅन्युअलप्रमाणे आठ ते बारा लिटर. उरलेलं इंजिन ऑइल त्यात घालू नका.

आता १,३५,००० ची नवी लिफ्ट. १८ टक्के जीएसटी धरला की ती १,५९,३०० होते, म्हणजे तुमचं बजेट तिथेच संपलं. वाहतूक, उतरवायला हायड्रा क्रेन किंवा हमाल (लिफ्ट पाच-सहाशे किलोची असते), जोडणी, तेल आणि वायरिंग वेगळं. पट्ट्याचं सिमेंट, सळई, गिट्टी, खोदाई, मजुरी मिळून आणखी पंचवीस-तीस हजार धरा. सगळं मिळून दोन लाखांच्या वर जाईल. तेवढे नसतील तर पट्टा यंदा टाका आणि लिफ्ट पुढच्या वर्षी घ्या. उलटं करू नका. घाई असेल तर जमिनीवर ठेवायची, कात्रीसारखी उघडून एक मीटर उचलणारी सिझर लिफ्ट बघा. तिला खांब नाहीत, छताचा प्रश्न नाही. ब्रेक आणि सस्पेन्शनची कामं तिच्यावर छान होतात. गिअरबॉक्स उतरवायला मात्र ती गैरसोयीची, कारण मधोमध तिचाच सांगाडा येतो.

दोन खांबीच घ्यायची ठरली तर ४ टनी पुरेशी आहे. ५ टनीचे आर्म जाड असतात आणि स्विफ्टखाली सरकताना अडतात. विक्रेत्याला हे विचारा: पॅडची सगळ्यात खालची उंची किती? ११० मिमीच्या आत हवी. बोलेरोसाठी उंची वाढवणारे ॲडॉप्टर किमतीत आहेत का? ते नसले तर आर्म फुटस्टेपला दाबतो. दोन्ही खांबांचे लॉक एका लीव्हरने सुटतात की दोन्हीकडे जाऊन सोडावे लागतात? दोन्हीकडचे चालतात, स्वस्तही पडतात, मात्र एक सोडून दुसरा विसरायचा नाही. सीईचं, म्हणजे युरोपीय मानकांचं, प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावर ईएन १४९३ हा मानकाचा क्रमांक आणि तुमच्याच मॉडेलचा नंबर आहे का ते वाचा. खांबावरच्या स्टिकरवर विसंबू नका. रोप, सील आणि पॅड नागपुरात किंवा निदान कुरिअरने आठवड्यात मिळतात का, हेही विचारा. कोइम्बतूरच्या एटीएस एल्गीसारख्या देशी कंपनीचा भाव शेजारी ठेवून बघा. दहा-पंधरा हजारांचा फरक असेल तर सुट्या भागांसाठी तो द्यावा असं आमचं मत.

जोडणी झाली की आधी रिकामी लिफ्ट तीन-चार वेळा पूर्ण वर-खाली करा, सिलिंडरमधली हवा निघते. कान देऊन ऐका: दोन्ही खांबांतल्या लॉकचा 'टक्' एकाच वेळी आला पाहिजे. एक आधी, एक नंतर येत असेल तर वायर रोपचा नट फिरवून जुळवा. मग हलकी स्विफ्ट घ्या. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जॅकच्या जागा दाखवल्यात, सिलवर दोन खाचांच्या मधे. खाचेचं रबर पॅड तिथेच बसवा. चाकं जमिनीपासून फूटभर उचला, बंपर धरून गाडी जोरात हलवा आणि चारही पॅड पुन्हा बघा. त्यानंतरच वर न्या आणि लॉकवर टेकवा. बोलेरोला पॅड चेसिसच्या लांब पट्टीवर लावा, बॉडीच्या पत्र्यावर नाही. तिचं इंजिन किंवा मागचा एक्सल उतरवणार असाल तर वजनाचा तोल सरकतो. त्याआधी दुसऱ्या टोकाला उंच स्टँड लावा.

पहिल्या दिवसानंतर, मग आठवड्याने, मग दर तीन महिन्यांनी अँकर बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. पहिल्या पावसाळ्यानंतर ओळंबा पुन्हा लावा. टाइल उचलल्यावर काँक्रीट किती इंच निघालं आणि खाली मुरूम आहे की काळी माती, ते आम्हाला कळवा. पट्ट्याची जाडी त्यावरून पक्की सांगता येईल.